चालत्या टेबलांचं वेळापत्रक

सोमवार, २ सप्टेंबर

आज चालती टेबलं आली. चार नग. तिसऱ्या मजल्यावर खिडकीच्या रांगेत उभी केली. खाली फिरता पट्टा, वर छातीच्या उंचीला टेबल, टेबलावर संगणक. माणसाने चालत चालत काम करायचं. बसवायला आलेला कारागीर म्हणाला, बाई, हे लोक एवढं चालून पोचणार कुठे? मी म्हटलं, म्हातारपणापर्यंत धडधाकट पोचतील. त्याला माझं उत्तर कळलं की नाही कोण जाणे, मला मात्र आवडलं म्हणून इथे लिहून ठेवते.

आमचं ऑफिस शहराच्या बससेवेचं. आम्ही बस चालवत नाही, वेळापत्रकं आखतो. कुठली गाडी किती वाजता सुटायची, दिवसात किती फेऱ्या मारायच्या, चालक कुठल्या थांब्यावर बदलायचा, राखीव गाडी कुठे उभी ठेवायची, हे सगळं आमच्या चोवीस माणसांच्या टेबलांवर ठरतं. अख्ख्या शहराला फिरवणारी ही माणसं स्वतः दहा ते सहा जागची हलत नाहीत. पाण्याची बाटलीसुद्धा उठलेल्या माणसाकडून भरून आणवतात. कंबर, मान, गुडघे यांच्या तक्रारी ऐकायला मी आहे. मी कर्मचारी कल्याण अधिकारी. बारा वर्षांपूर्वी या पदावर आले तेव्हा कल्याण म्हणजे एक लोखंडी कपाट आणि त्यात कापसाचा पुडा एवढंच होतं. बाकी सगळं मी उभं केलं.

आता खरी गोष्ट. मोठ्या साहेबांनी शुक्रवारी दार लावून घेऊन सांगितलं की मुख्य कार्यालय काही पदं कमी करणार आहे आणि माझ्या पदावर फुली मारायची तयारी आहे. वाचायचं असेल तर ही टेबलं यशस्वी करून दाखवा. मुदत तीन महिने. चारही यंत्रं कामाच्या निम्मा वेळ चालली पाहिजेत. यंत्राला मीटर आहे आणि तो पट्ट्यावर पाय पडला तरच पुढे सरकतो, त्यामुळे नुसतं चालू करून ठेवायची सोय नाही.

हे मी घरी आमच्या ह्यांना सोडून कुणाला सांगितलेलं नाही. ऑफिसात तर मुळीच नाही. माझ्या पदाची भीक मागून मला कुणाला चालवायचं नाही. आणि गरजही नाही. माणसांना कसं वळवायचं हे मला चांगलं कळतं.

बुधवार, ४ सप्टेंबर

सकाळी सगळ्यांना गोळा करून मी स्वतः दहा मिनिटं चालून दाखवलं. चालता चालता एक अर्जही टाइप केला. त्यात चौदा चुका झाल्या, पण त्या कुणाला दिसल्या नाहीत.

दुपारी आमच्याकडे नुकतीच लागलेली मुलगी आपण होऊन पट्ट्यावर चढली. मला इतका आनंद झाला. पाच मिनिटं झाली असतील, तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, काय गं, कुठला थांबा आला? सगळा हॉल हसला. ती पण हसली, उतरली, आणि मग दिवसभर तिकडे फिरकली नाही.

गंमत केली तर केली. दोन दिवसांत विसरतील.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

मीटर वाचले. चारही मिळून सहा टक्के. त्यातले दोन टक्के माझेच असावेत.

तिसऱ्या यंत्रावर कुणीतरी ओली छत्री उघडून वाळत ठेवली होती.

मंगळवार, २४ सप्टेंबर

गेल्या सोमवारी भिंतीवर तक्ता लावला होता. प्रत्येकाचं नाव आणि पुढे चाललेली मिनिटं. कल्पना अशी की वरच्याचं बघून खालच्याला चेव येईल. झालं भलतंच. खालचे म्हणाले, आमची अब्रू भिंतीवर टांगली. वरचे तीन जण घाबरले, कारण जास्त चालतो म्हणजे याला काम कमी आहे असं साहेबांना वाटेल. बुधवारपासून वरचेही चालेनात. आज तक्ता काढला. आठवड्याचा आकडा चार टक्के.

मग मी मास्तरांकडे गेले. मास्तर म्हणजे आमचे सगळ्यात जुने आखणीकार. तीस वर्षं झाली, अजून पहिला खर्डा कागदावर पट्टीने रेघा मारून करतात आणि मगच संगणकाला हात लावतात. मास्तरांनी डबा लवकर उघडला की हॉल डबा लवकर उघडतो. मास्तरांनी पंखा बंद केला की कुणाला उकडत नाही. ते चढले असते तर बाकीचे मुकाट्याने मागे आले असते. पण मास्तरांनी पट्टी खाली न ठेवताच सांगितलं की बाई, तुमच्याबद्दल आदर आहे, पण आम्ही बसून विचार करणारी माणसं. चालत काढलेली रेघ सरळ येत नाही.

मी केबिनमध्ये परत आले. हे मी सहसा लिहीत नाही, पण आज लिहिते. घरी येताना एकच विचार डोक्यात होता. पद गेलं तर मी काय करणार? पगार दुसरीकडे कुठेतरी बसवून देतील, तो प्रश्न नाही. पण सकाळी उठून कुणाचं काय दुखतंय हे विचारायला जायचं, हे माझं काम आहे आणि मला ते आवडतं. दुसरं कुठलंच काम मला इतकं आवडलेलं नाही.

रविवार, २९ सप्टेंबर

धाकटी जेवायला आली होती. धाकटी म्हणजे माझी नणंद, ह्यांची धाकटी बहीण, आणि आमच्याच ऑफिसात तक्रारींच्या फोनवर बसते. बस चुकलेले, बसमध्ये डबा विसरलेले, सगळे तिच्यावर ओरडतात आणि ती त्यांना हसवून फोन ठेवते. माणूस सोन्याचं, फक्त तोंडात तीळ भिजत नाही.

भांडी विसळताना तिने विचारलं, वहिनी, तुझं काहीतरी बिनसलंय. मी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा सगळं सांगून टाकलं. मुदत, निम्मा वेळ, पदावरची फुली. वर बजावलं की ऑफिसात कुणाला एक अक्षर कळता कामा नये. तिने गळ्याची शपथ घेतली. सांगून मोकळं वाटलं.

त्याच हलकेपणात संध्याकाळी मला झकास कल्पना सुचली. पोस्टर! तक्त्यात माणूस एकटा पडतो, पोस्टरमध्ये तो सगळ्यांबरोबर असतो. मजकूरही मीच केला: ‘शहराला चालवणारे हात, आता चालू द्या पायांना साथ.’ ह्यांना वाचून दाखवला. हे म्हणाले, यमक जुळलंय. यापलीकडे काही म्हणाले नाहीत, पण त्यांचा स्वभावच तसा आहे.

सोमवार, ३० सप्टेंबर

पोस्टर लावलं. मोठं, निळ्या अक्षरांत, पाण्याच्या यंत्राच्या वर. प्रत्येक जण पाणी प्यायला येतोच, म्हणजे वाचल्याशिवाय सुटका नाही.

दुपारी जेवणाच्या खोलीत बरीच गर्दी होती आणि दार लावलेलं होतं. मी आत गेले तर सगळे एकदम डब्यांकडे बघायला लागले. पोस्टरचीच चर्चा चालली असणार.

मंगळवार, १ ऑक्टोबर

मास्तर चालले!

दहा वाजून वीस मिनिटांनी उठले, चष्मा पुसला, बुटांची नाडी बांधली आणि पहिल्या यंत्रावर चढले. चेहरा कडू औषध घ्यायला निघाल्यासारखा. पण वीस मिनिटं चालले. ते उतरले आणि लगेच दुसरा चढला. दुसऱ्या यंत्रावर ती नवी मुलगी. कुणी हसलं नाही. ‘कुठला थांबा आला’ म्हणणारा गृहस्थ स्वतः चौथ्या यंत्रावर घाम पुसत होता.

मी केबिनच्या काचेतून बघत होते आणि खरं सांगते, डोळे भरून आले. एका पोस्टरने हे केलं. शब्दाला वजन असतं ते असं.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, पोस्टर सोमवारी लावलंस ना? आणि धाकटी रविवारी आली होती? मी म्हटलं, हो, मग? म्हणाले, काही नाही, तारीख विचारली. माणसाच्या आनंदात सामील व्हायचं सोडून तारखा विचारत बसतात.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

दुसऱ्या आठवड्याचा आकडा एक्कावन्न टक्के. पहिल्याचाही एक्कावन्नच होता. यालाच मी शिस्त म्हणते. उत्साह आज असतो, उद्या नसतो, पण सवय अशी मोजून मापून येते.

आज दोघांनी आपण होऊन पोस्टरची स्तुती केली. मंगळवारी एकाने केली होती. हिशेबनीस तर म्हणाला, बाई, ते निळं अक्षर मनात घर करून राहतं. मी त्याला विचारलं, कुठलं वाक्य जास्त आवडलं? एकच वाक्य आहे हे त्याच्या लक्षात नव्हतं. असो. भावना महत्त्वाची.

एक बारीक निरीक्षण. चढताना प्रत्येक जण आधी घड्याळाकडे बघतो आणि मग माझ्या केबिनकडे बघून हलकेच मान हलवतो. मीही हलवते. आता तो रिवाजच झाला आहे.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

आकडा एक्कावन्न.

आजचा दिवस लक्षात राहील. आमच्याकडे दोन आखणीकार आहेत, एक उंच आणि एक ठेंगणा. इस्पितळाकडे जाणारी गाडी बाजारातून न्यायची की बाहेरच्या रस्त्याने, यावरून त्यांचं वाजलं त्याला अकरा महिने झाले. तेव्हापासून दोघं एकमेकांना पाण्यात पाहतात. टेबलं शेजारी, पण निरोप चिठ्ठीने. मी दोनदा समेट घडवायला गेले आणि दोन्ही वेळा दोघांनी मिळून मला गप्प केलं.

आज दुपारी तीन वाजता दोघं शेजारशेजारच्या यंत्रांवर आले. कसे आले देव जाणे, कारण उंच गृहस्थ दुसरं यंत्र रिकामं असताना तिथेच थांबून राहिला होता, जणू त्याला तीच जागा नेमून दिली होती. पहिली दहा मिनिटं समोर भिंत बघून चालले. मग ठेंगण्याने काहीतरी विचारलं. उंच हसला. वीस मिनिटं झाली तेव्हा दोघं बोलतच होते. संध्याकाळी मास्तरांच्या टेबलावर इस्पितळाच्या गाडीचा नवा मार्ग आला: सकाळी बाहेरून, दुपारी बाजारातून. इतकी साधी गोष्ट.

नजरेला नजर भिडवून बोलायला अवघड जातं ते शेजारी चालताना सोपं जात असावं. हे मी अहवालात घालणार आहे. पोस्टरच्या परिणामांत.

बुधवार, ३० ऑक्टोबर

लोक अलीकडे माझ्याशी फार प्रेमाने वागतात. नव्या मुलीने आज माझ्या टेबलावर फुलं ठेवली. कुणी विचारतं जेवलात का, कुणी म्हणतं बाई, काळजी करू नका. मी म्हटलं, कसली काळजी? तो गडबडला आणि म्हणाला, हवेची.

धाकटीला विचारलं, तू कुणाला काही बोलली नाहीस ना? ती म्हणाली, वहिनी, शपथ घेतली होती ना मी. म्हणजे नाही बोलली. मी उगाच तिच्यावर संशय घेतला.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

मास्तर लंगडताहेत. टाच दुखते म्हणाले. डॉक्टरांनी काय सांगितलं विचारलं तर विषय बदलला. मी म्हटलं, मग काही दिवस चालू नका. ते म्हणाले, नाही नाही, फेरी चुकवून कसं चालेल. बसच्या लोकांची भाषा! मला हसू आलं. मास्तरांना इतकी गोडी लागेल असं सप्टेंबरात कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

या आठवड्यात तापाने चौघं रजेवर आहेत. आकडा घसरेल अशी भीती होती. आज मीटर वाचले तर एक्कावन्नच आहे. जे आलेत ते न सांगता जास्त चालताहेत.

बुधवार, २० नोव्हेंबर

मुख्य कार्यालयातून तपासनीसबाई येत्या मंगळवारी येणार. दिवसभर बसणार, मीटर बघणार, लोकांशी बोलणार. मोठे साहेब म्हणाले, आकडा असाच राहिला तर तुम्ही सुटलात.

मी अहवाल लिहून ठेवला आहे. अकरा पानं. पोस्टरचा फोटो मुखपृष्ठावर.

सोमवार, २५ नोव्हेंबर

अहवालाच्या प्रती काढायला गेले. झेरॉक्सच्या यंत्राचं झाकण उघडलं तर काचेवर कुणाचा तरी मूळ कागद राहिलेला. आपल्याकडे नेहमी होतं तसं. प्रती उचलायच्या आणि कागद विसरायचा.

पट्टीने आखलेल्या रेघा बघूनच कळलं की मास्तरांचा आहे. वर लिहिलं होतं: ‘बाईंची गाडी. चालू आठवड्याचं वेळापत्रक.’ खाली चार रकाने, पहिला मार्ग ते चौथा मार्ग, म्हणजे चार यंत्रं. प्रत्येक वीस मिनिटांची फेरी. प्रत्येक फेरीपुढे नाव. चोवीस माणसं, रोज प्रत्येकी दोन फेऱ्या, बरोबर निम्मा वेळ. एक टक्का वरचा राहावा म्हणून एक जादा फेरी पाळीपाळीने. रजेवर गेलेल्याच्या जागी राखीव माणूस. राखीव म्हणून मास्तरांचं नाव पाच ठिकाणी होतं. उंच आणि ठेंगणा यांच्या नावांना कंस करून बाजूला लिहिलं होतं: ‘हे दोघं सोबत. बदल मागितला तरी देऊ नये.’

तळाशी सूचना होत्या. पहिली: बाईंच्या पदाचं आपल्याला माहीत आहे हे बाईंना कळता कामा नये. दुसरी: चढताना हसरा चेहरा ठेवावा. तिसरी: पोस्टरची स्तुती आठवड्यातून तीनदा, पाळीपाळीने.

मी तिथेच उभी राहिले. आधी राग आला. धाकटीचा, मग पोस्टरचा, मग स्वतःचा. अकरा पानं लिहिली मी! दोन महिने काचेतून मान हलवत बसले, आणि ही माणसं माझी समजूत घालायला मान हलवत होती. लाजेने कान तापले.

मग मी यादी पुन्हा वाचली. चोवीसच्या चोवीस नावं होती. ज्याची रजा मी एकदा नामंजूर करायला लावली होती, त्याचंही. आणि मग मात्र मला रडू आवरलं नाही. माझ्यासाठी कुणी इतकं केलेलं मला आठवत नाही. इतकी माणसं, इतके दिवस, आणि तेही न सांगता.

एक प्रत काढून घेतली आणि मूळ कागद होता तसा काचेवर ठेवून दिला. पाच मिनिटांत मास्तर लंगडत आले आणि इकडेतिकडे बघून घेऊन गेले.

उद्याचं काय करायचं? गप्प राहिले तर पद राहतं. ह्यांना विचारलं. हे म्हणाले, तुला कळेल उद्या. यांना सगळं ऑक्टोबरातच कळलं होतं, हे यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

गप्प राहायचं असं ठरवून गेले होते.

तपासनीसबाई तिशीतली, शांत, वही घेऊन हॉलच्या मधोमध बसलेली. मी अहवाल दिला, तिने चाळला आणि बाजूला ठेवला. दहा वाजल्यापासून चारही यंत्रं. आज निम्मा वेळ नाही, पूर्ण वेळ. सगळे हसतमुख. माझ्या अंगावर काटा येत होता.

अकरा वाजून वीस मिनिटांनी मास्तर चढले. मी खास बघत होते. उजव्या बुटाची मागची बाजू दुमडून चप्पलसारखी घातली होती आणि आत जाड पट्टी. प्रत्येक पावलाला जबडा घट्ट होत होता. तरी ओठांवर ते सूचनेतलं हसू. पाच मिनिटं मी बघितलं. सहाव्या मिनिटाला त्यांनी टेबलाची कड धरली आणि बोटं पांढरी पडली.

मी गेले आणि यंत्राची लाल दोरी ओढली. ती ओढली की पट्टा जागच्या जागी थांबतो.

मास्तर म्हणाले, “बाई, अजून चौदा मिनिटं आहेत.”

मी म्हटलं, “मास्तर, उतरा. टाच तुमची आहे, गाडी माझी आहे.”

 धाकटीने फोनवरच्या माणसाला थांबायला सांगितलं. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना कळलं की मला कळलं आहे. हात धरून त्यांना खुर्चीत बसवलं. मग केबिनमधून ती प्रत आणून तपासनीसबाईच्या पुढ्यात ठेवली आणि सगळं सांगितलं. आकडा खरा आहे, पण लोक तब्येतीसाठी चालत नव्हते, पोस्टरमुळे तर नव्हतेच. माझी नोकरी वाचावी म्हणून चालत होते. मला कालपर्यंत माहीत नव्हतं. अहवालाची अकरा पानं फाडून टाका.

तिने कागद बराच वेळ वाचला. राखीव फेऱ्यांवरून बोट फिरवलं. मग विचारलं, “हे तुम्ही सांगितलं नव्हतं? यांनी आपलं आपणच केलं?”

मी अभिमानाने म्हटलं, “एकही ओळ माझी नाही.”

ती पहिल्यांदा हसली. म्हणाली की बाकीच्या ठिकाणी यंत्रांवर कोट टांगलेले बघून आले आहे, असं कुठेच बघितलं नाही. कागदाची प्रत मागून घेतली. निघताना माझा हात हातात घेतला.

मला वाटतं, झालं. खरं बोलले आणि वर ते तिला आवडलं. संध्याकाळी धाकटी डोळे पुसत आली आणि म्हणाली, वहिनी, मी शपथ मोडली. मी म्हटलं, मोडलीस ते बरं केलंस. दोघी ऑफिसच्या पायरीवर बसून वेड्यासारख्या हसलो.

शुक्रवार, ६ डिसेंबर

पत्र आलं. माझ्या नावे, बंद पाकिटात.

चार परिच्छेद आहेत. पहिल्यात तिसऱ्या मजल्याचं कौतुक. दुसऱ्यात यंत्रं कायम ठेवण्याचा निर्णय. तिसरा मी इथे उतरवून ठेवते: ‘कर्मचारी कोणत्याही अधिकाऱ्याच्या सूचनेशिवाय परस्पर वेळापत्रक आखून यंत्रांचा वापर करतात, इतकेच नव्हे तर आपसांतील वाद व आजारपणाची सोयही स्वतःच पाहतात, असे तपासणीत आढळून आले. सबब स्वतंत्र कल्याण अधिकाऱ्याची आवश्यकता दिसून येत नाही.’ चौथ्यात लिहिलंय की पहिल्या जानेवारीपासून मला त्याच पगारावर तक्रारींच्या फोनवर सामावून घेतलं जाईल.

तीनदा वाचलं. त्यांनी मला वाचवायला जे केलं, त्यानेच मी गेले. आणि ‘एकही ओळ माझी नाही’ हे मीच वर मान करून सांगितलं होतं.

मोठ्या साहेबांना खरंच वाईट वाटलं. म्हणाले, लोकांना सांगायला हवं. मी विचारलं, हा तिसरा परिच्छेद तुम्ही, मी आणि ती बाई सोडून आणखी कुणी वाचलाय का? नाही म्हणाले. मग मी त्यांना एकच विनंती केली आणि त्यांनी ती मान्य केली.

सोमवार, ९ डिसेंबर

जेवणाच्या खोलीत सगळ्यांना सांगितलं. यंत्रं राहणार. पद मात्र मीच सोडतेय. बारा वर्षं केबिनच्या काचेतून बघून कंटाळा आला, म्हणून मीच अर्ज करून धाकटीच्या शेजारची खुर्ची मागून घेतली. साहेबांनी मान डोलावली. मी इतकं सराईत खोटं बोलू शकते हे मला माहीत नव्हतं.

 धाकटी ओरडली, वहिनी, माझ्या शेजारी? आणि सगळे हसायला लागले. उंचाने विचारलं, म्हणजे त्यांनी काढलं नाही ना तुम्हाला? मी म्हटलं, मला काढायची कुणाची टाप आहे? ते त्याला लगेच पटलं. केबिन गेल्याचं दुःख मला होणार आहे, ते मी घरी करीन.

सगळे पांगल्यावर मास्तर मागे राहिले. टाच बरी आहे. म्हणाले, “बाई, तीस वर्षं वेळापत्रकं केली. गाडी सुटते, माणसं चढतात, कोण कुठे पोचलं ते आपल्याला कधी दिसत नाही. हे एकच दिसलं. कामी आलं.”

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि चेहऱ्यावर असा आनंद, की मी आयुष्यात कुठल्याही पोस्टरने कुणाला दिला नसेल.

मी म्हटलं, “आलं, मास्तर. तुमच्या वेळापत्रकानेच निभावलं.”

मग त्यांना म्हटलं की आता आठवड्याचा नवा कागद काढाल तेव्हा माझीही एक ओळ आखा. त्यांनी लगेच खिशातून पट्टी काढली आणि विचारलं, कोणती वेळ देऊ? मी म्हटलं, जी कुणाला नको असेल ती.